जुन्या लष्करी रायफलीचा बोल्ट : तो पुनः जोडतांना होणारे घोटाळे व त्यावरील आंकड्यांची साक्ष

खारेपाटण हें गांव इतिहासाच्या अभ्यासकांस बहुधा एकाच कारणानें ठाऊक असतें. दक्षिण कोंकणचा शिलाहार राजा रट्टराज ह्याचा शके ९३० चा ताम्रपट तो हाच. त्याचें वाचन आधीं बाळशास्त्री जांभेकर ह्यांनीं रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केलें व पुढें कीलहॉर्न ह्यांनीं 'एपिग्राफिया इंडिका'च्या तिसऱ्या भागांत त्याचें पुनः संपादन केलें. बाळशास्त्र्यांचें पोंभुर्लें येथून फारसें लांब नाहीं. ह्या पटाचे पत्रे तीन आहेत. ज्यांनीं असे पट हाताळले आहेत त्यांस हें सांगावयास नको कीं, कडी एकदां कापली म्हणजे पत्र्यांचा अनुक्रम मजकुरावरून लावावा लागतो. आणि दोन पटांचे पत्रे एकत्र मिसळले तर कोणता पत्रा कोणाचा हें अक्षराच्या वळणावरून, धातूच्या जाडीवरून व भोंकाच्या जागेवरून ठरवावें लागतें. पोथ्यांच्या सुट्या पानांची हीच कथा.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र ताम्रपट नव्हे, पोथीहि नव्हे. तो आहे जुनी लष्करी रायफल, व तींतहि तिचा एकच भाग, बोल्ट. त्रैमासिकाच्या वाचकांस हा विषय परका वाटेल; परंतु गेल्या वैशाखांत असा एक प्रसंग आला कीं, ताम्रपटाच्या पत्र्यांचा जो न्याय तोच येथें लावावा लागला, आणि तो वेळेवर न लावल्यामुळें एक पुरावा कायमचा गेला.

किनाऱ्यावरील एका लहान वस्तुसंग्रहांत ·३०३ बोराच्या दोन रायफली आहेत. सरकारी खात्यानें निकालांत काढलेल्या, बार उडणार नाहीं अशा निकामी केलेल्या व रीतसर कागदपत्रांनिशीं संग्रहांत आलेल्या. पावसाळ्यापूर्वीं त्या पुसून ठेवाव्या म्हणून तेथील सेवकानें दोन्हींचे बोल्ट बाहेर काढले, सुटे केले व सर्व भाग एकाच परातींत घासलेटांत टाकले. हेतु चांगला. पण परत जोडूं लागतां एक बोल्ट रायफलींत शिरेना. दुसरा शिरला, पण त्याची मूठ खालीं बसेना. आठ दिवसांनीं प्रस्तुत लेखकास बोलावणें आलें तोंवर कानस व काचकागद ह्यांचा उपयोग होऊन गेला होता.

ही रायफल कोणती हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. जेम्स पॅरिस ली ह्या स्कॉटलंडांत जन्मलेल्या व अमेरिकेंत कामास आलेल्या यंत्रज्ञाच्या बोल्टावरून इंग्रजांनीं १८८८ सालीं ली-मेटफर्ड व १८९५ सालीं ली-एन्फील्ड ह्या रायफली काढल्या. पुढें नळी आंखूड करून जी सुधारलेली तऱ्हा निघाली तिचा १९०७ सालचा तिसरा नमुना व त्याचा १९१६ सालचा तारांकित प्रकार हेच हिंदुस्थानांत सर्वत्र पसरले. कलकत्त्याजवळ इशापूर येथील सरकारी कारखान्यांत ते तयार होत. काडतुसें आमच्या पुण्याजवळ खडकीस होत, व त्यांच्या बुडावर इंग्रजी 'के एफ' हीं अक्षरें असत. रत्नागिरी जिल्ह्यांतील मराठ्यांस, आणि खारेपाटण १९८१ पर्यंत त्याच जिल्ह्यांत होतें, ही बंदूक पिढ्यान्‌पिढ्या परिचयाची. टाउनशेंड ह्याच्याबरोबर मेसोपोटेमियांत गेलेल्या पुणें डिव्हिजनांत १०३, ११० व ११७ ह्या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या, व २९ एप्रिल १९१६ रोजीं कूट-अल-अमारा पडलें तेव्हां त्यांतील जे वांचले ते कैदेंत गेले. पुढें पोलिसांच्या हातीं ही रायफल एकविसाव्या शतकांतहि दिसत असे, आणि राष्ट्रीय छात्रसेनेंत कवाईत केलेल्या आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या खांद्यास तिचें वजन आठवत असेल.

बखरींतून 'तोफेच्या कानांत खिळे मारले' असें येतें. शत्रूच्या हातीं तोफ गेली तरी ती कामास येऊं नये म्हणून केलेला तो उपाय. ह्या रायफलीस कान नाहीं. तिचें सर्व मर्म बोल्टांत आहे. बोल्ट काढून घेतला कीं उरते ती नुसती नळी व लांकूड. म्हणूनच शस्त्रागारांत पुष्कळ ठिकाणीं बोल्ट निराळे व रायफली निराळ्या कुलुपांत ठेवण्याची चाल होती, आणि म्हणूनच बोल्टांची अदलाबदल हा ह्या रायफलीचा जुना रोग होय.

आतां बोल्टाची रचना. ज्या लोखंडी पेटींत तो मागेंपुढें सरकतो तींतून तो बाहेर काढला म्हणजे हातांत येते ती सुमारें वीतभर लांबीची पोकळ नळकांडी. तिला एका बाजूस वांकडी मूठ, पाठीवर लांब कणा, व पोटाशीं एक जाड दांत आहे. बार उडतांना मागें येणारा धक्का हा कणा व हा दांत पेटीच्या खांद्यांवर झेलतात. पुढील तोंडांत आट्यांनीं बसणारें एक लहान मुंडकें असतें. त्यावर उडालेल्या काडतुसाचें कवच बाहेर ओढणारी नखी, व बाजूस पेटीच्या उजव्या कांठास धरणारी आंकडी. नळकांडीच्या आंत सळई व तिच्याभोंवतीं जोरदार कमान. सळईचें मागलें टोंक ज्यांत आट्यांनीं बसतें तो मागील गठ्ठा म्हणजे जुन्या बंदुकीच्या घोड्याचाच वंशज. म्हणून त्यास येथें घोडाच म्हटलें आहे. घोड्याच्या खालीं एक लांब जीभ पुढें गेलेली असते व आंतल्या अंगास एक खुंटी असते. नळकांडीच्या मागल्या कडेस ह्या खुंटीकरितां दोन खांचा आहेत, एक आंखूड व एक लांब. सर्व घोटाळ्याचें अर्धें मूळ ह्या दोन खांचांत आहे.

रायफल उघडी असतां खुंटी आंखूड खांचेंत बसलेली असते. बोल्ट मिटून मूठ खालीं केली म्हणजे लांब खांच खुंटीसमोर येते, व चाप ओढतांच घोडा त्या खांचेंतून पुढें झेंप घेतो. अर्थात् बोल्ट बाहेर असतांना खुंटी आंखूड खांचेंतच असली पाहिजे. पण कोणीं बोल्ट हातांत घेऊन घोडा पिळला तर खुंटी लांब खांचेंत सटकते, कमान सैल होते, आणि जीभ दांताच्या रेषेंतून बाजूस जाते. मग बोल्ट पेटींत शिरत नाहीं. पेटींत वाट एकच आहे. दांत व जीभ एका ओळींत असतील तरच त्यांना ती वाट मिळते. पहिल्या बोल्टास झालें होतें तें एवढेंच. उपाय पांच मिनिटांचा : बोल्ट जाड फडक्यानें डाव्या हातांत घट्ट धरावा, घोड्याची जीभ लांकडी मेजाच्या कडेस अडकवावी, ओढून कमान दाबावी व पिळून खुंटी पुनः आंखूड खांचेंत सोडावी. कमान बळकट आहे. बोटें मध्यें सांपडूं देऊं नयेत. ठोकावयाचें तर मुळींच नाहीं.

ह्यावरून बोल्ट घालण्याचा क्रमहि समजतो. आधीं मुंडकें शेवटपर्यंत आंटून घ्यावें, म्हणजे आंकडी पाठीवरील कण्याच्या रेषेंत येते. मग घोड्याची जीभ व दांत एका ओळींत आहेत हें पाहावें. नखीची बाजू वर करून बोल्ट पेटींत सारावा. मुंडकें पेटीच्या खांद्यापुढें गेलें कीं तें उजवीकडे वळवून आंकडी कांठावरील लहान कमानीवरून 'टक्' असा आवाज होईपर्यंत खालीं दाबावी. नंतर बोल्ट पुढें सारून मूठ खालीं करावी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत निघालेल्या चौथ्या क्रमांकाच्या रायफलींत आंकडीची सोय थोडी निराळी आहे व तेथें मागील माशीचें पान उभें केल्यावांचून बोल्ट निघत नाहीं. पण न्याय तोच.

दुसऱ्या बोल्टाची अडचण निराळ्या जातीची होती व ती अधिक बोधप्रद आहे. तो आंत शिरे, आंकडी बसे, पण मूठ खालीं येतां येतां मध्येंच अडे. सेवकास वाटलें, दांत पेटीच्या खांद्यास घांसतो आहे. म्हणून त्यानें दांतावर कानस चालविली. वस्तुतः दांताचा कांहीं दोष नव्हता. बोल्ट मिटतांना मुंडकें जागच्या जागीं राहतें व नळकांडी त्याभोंवतीं फिरते, म्हणजेच मूठ खालीं आणणें हेंच मुंडकें आंटणें होय. मुंडकें त्याच बोल्टाचें असेल तर मूठ खालीं टेंकण्याच्या सुमारास तें पुरतें आंटलें जातें. परक्या बोल्टाचें असेल तर आट्यांचा आरंभ जुळत नाहीं. एक तर तें आधींच टेंकतें व मूठ अडविते, नाहीं तर जरूरीपेक्षां अधिक फिरून कण्याच्या रेषेपलीकडे जातें. पहिल्या बोल्टाचें मुंडकें काढून पाहतां तें बरेंच पलीकडे जात होतें. म्हणजे दोन्ही मुंडकीं उलटसुलट झालीं होतीं. अदलाबदल करतांच दोन्ही बोल्ट बिनतक्रार मिटले.

ह्या तिसऱ्या नमुन्याच्या मुंडक्यांवर बहुधा आंकडा नसतो, हीच खरी गोम आहे. कारखान्यांत व पलटणीच्या कारागिराकडे तीं एकेका बोल्टास लावून पाहून निवडलीं जात. म्हणून ज्या पोथीच्या पानावर पत्रांक नाहीं तें पान जसें मजकूर व अक्षर पाहून लावतात, तसें हें मुंडकें लावून पाहूनच ठरवावें लागतें. चौथ्या क्रमांकाच्या रायफलीचीं मुंडकीं ० ते ३ अशा चार लांब्यांचीं असून तो आंकडा त्यांवर मारलेला असतो. तेथें संग्राहकाचें काम सोपें. परंतु तो आंकडा लांबीचा आहे, रायफलीचा नव्हे, हें विसरूं नये. एकाच लांबीचीं मुंडकींहि सर्व बोल्टांत सारखीं फिरत नाहींत.

आणखी दोन तीन लहान घोटाळे आहेत. सळई घोड्यांत आंटतांना तिचें मागलें टोंक घोड्याच्या मागल्या अंगाशीं सपाट आलें पाहिजे. तें खोल राहिलें किंवा बाहेर आलें तर तिला रोखणारा लहान मळसूत्री खिळा आपल्या खांचेंत उतरत नाहीं, व कोणी तो बळें पिळून त्याचे आटे मारतो. चालू रायफलींत सळईचें टोंक मुंडक्याच्या तोंडाबाहेर इंचाच्या शंभर भागांपैकीं चार ते पांच भाग यावें असा नियम होता. निकामी केलेल्या रायफलींत तें टोंक बहुधा कापलेलेंच असतें, तेथें हें माप पाहत बसण्यांत अर्थ नाहीं. पेटीच्या डाव्या बाजूची सुरक्षेची खिटी सुटी केली असेल तर तिचीहि खबरदारी घ्यावी. तिचे दोन भाग अनेकमुखी आट्यांनीं जुळतात; म्हणजे ते एकमेकांत अनेक ठिकाणांहून शिरूं शकतात, पण बरोबर असें ठिकाण एकच. चुकीच्या ठिकाणीं शिरले तर खिटी फिरते पण घोडा अडवीत नाहीं, किंवा तो नेहमींच अडवून धरते. माझा अनुभव असा कीं, ही खिटी कारण नसतां सुटी करूंच नये.

तेलाविषयीं थोडें. कोंकणांत लोखंडास खोबरेल चोळण्याची जुनी रीत आहे, व कोयता रोज वापरांत असेल तर ती वाईटहि नाहीं. परंतु बोल्टाच्या पोटांत गेलेलें खोबरेल थंडींत थिजतें, जुनें झालें म्हणजे चिकट होतें, व त्यांत धूळ बसून कमानीभोंवतीं गोंदासारखा थर जमतो. कोठारांतून आलेल्या रायफलींत मूळचें लष्करी ग्रीस सुकून तसेंच बसलेलें असतें. मूठ जड फिरते म्हणून भाग जुळत नाहींत असा समज करून घेण्यापूर्वीं पोट स्वच्छ करून पाहावें. घासलेटानें धुवून, पुरतें कोरडें करून यंत्राच्या पातळ तेलाचा हात फिरविला म्हणजे पुरे. एका वेळीं एकच रायफल उघडावी आणि तिचे भाग निराळ्या थाळींत ठेवावे, ही गोष्ट पोथ्यांचे रुमाल सोडणारांस शिकवावी लागणार नाहीं.

कायद्याची बाजूहि सांगून ठेवितों. १९५९ च्या शस्त्रकायद्यानें शस्त्राचे सुटे भागहि शस्त्रांतच मोडतात. बोल्ट कोणाच्या माळ्यावर सांपडला तर तो 'जुनें लोखंड' म्हणून घरीं ठेवण्यासारखा नाहीं, पोलिसांस कळविला पाहिजे. ·३०३ हा बोर खाजगी माणसास सामान्यतः मिळत नाहीं. म्हणून वर जें लिहिलें तें परवान्यानें वस्तु बाळगणाऱ्या संग्रहांकरितां व तेथील निकामी नमुन्यांकरितां आहे. तेथेंहि हात लावण्यापूर्वीं मॅगझिन काढून, बोल्ट मागें ओढून, काडतुसाची जागा रिकामी आहे हें डोळ्यांनीं व करंगळीनें पाहावें. चालू रायफलीचा बोल्ट बदलला असेल तर ·०६४ व ·०७४ इंचांच्या मापांनीं तो तपासणें हें शस्त्रकारागिराचें काम. संग्राहकानें त्यांत पडूं नये.

आतां आंकड्यांकडे वळूं. कारण इतिहासाच्या दृष्टीनें खरें नुकसान तेथें झालें. ह्या रायफलीचा अनुक्रमांक पेटीच्या पुढील भागावर, नळीवर व बोल्टाच्या मुठीच्या मुळाशीं मारलेला असतो. पुष्कळदां तोंडावरील लोखंडी टोपीवर व मागील माशीच्या पानावरहि तो सांपडतो. दस्त्याच्या लोखंडी बांगडीवर मुकुट व राजाचीं आद्याक्षरें, कारखान्याचें नांव, वर्ष व नमुना हीं असतात. इशापूरच्या रायफलीवर मुकुटाखालीं 'जी आर आय' हीं अक्षरें येतात. 'आय' म्हणजे सम्राट्. स्वातंत्र्यानंतरच्या मालावर मुकुट जाऊन अशोकाचे सिंह आले. बाणाच्या फाळाखालीं 'आय' असेल तर ती हिंदुस्थान सरकारची मालकी. दोन फाळ टोंकास टोंक भिडवून मारलेले असतील तर सरकारनें ती वस्तु विकून टाकली असें समजावें. 'डी पी' हीं अक्षरें कवाईतीपुरत्या ठेवलेल्या रायफलीचीं. ज्यानें मोडीतला शिक्का व मोर्तब पाहून कागद खरा कीं खोटा हें ठरविलें आहे, त्यास ह्या खुणांची गोडी लागावयास वेळ लागणार नाहीं.

बोल्टावरील व पेटीवरील आंकडा एक असेल तर बोल्ट मूळचा, किंवा निदान शस्त्रकारागिरानें त्या रायफलीस नेमून दिलेला. हा 'किंवा' महत्त्वाचा आहे. बोल्ट बदलला म्हणजे कारागीर जुन्या आंकड्यावर आडवी रेघ मारी व शेजारीं नवा आंकडा ठोकी. रेघेखालचा आंकडा म्हणजे बोल्टाची पहिली रायफल. एखाद्या दप्तरांत ती दुसरी रायफल सांपडली, तर दोन शस्त्रें एकाच कोठारांतून गेलीं हें त्या एका रेघेवरून सिद्ध होतें. पोथीच्या समासांतील खोडलेला पत्रांक आपण टाकून देत नाहीं; उलट त्यावरच पुष्कळदां सर्व निर्णय असतो.

त्या संग्रहांतील दुसऱ्या बोल्टाच्या मुठीवर असे दोन आंकडे होते. नवा आंकडा पेटीशीं जुळतो, तो अजून वाचतां येतो. जुना काचकागदानें घासून गेला. सेवकास तो गंजाचा डाग वाटला, व चकाकी आल्याचा त्यास आनंदहि होता. त्यास दोष देण्यांत अर्थ नाहीं, कारण त्यास कोणी हें कधीं सांगितलेंच नव्हतें. शिलालेख पाहतांना करितात तसा कलता उजेड टाकून प्रस्तुत लेखकानें तीन संध्याकाळ प्रयत्न केला. आडवी रेघ दिसते, तिच्याखालीं शेवटचे दोन आंकडे लागतात, पहिले लागत नाहींत. एवढ्यावरून मूळ रायफल शोधणें शक्य नाहीं. दांतावरील कानशीचे ओरखडे तर दिसतच राहतील.

पहिल्या बोल्टावर एकच आंकडा आहे व तो पेटीशीं, नळीशीं व टोपीशींहि जुळतो. म्हणजे ती रायफल मूळच्या चारहि भागांनिशीं शाबूत आहे. संग्रहाच्या नोंदवहींत आतां दोन्ही रायफलींचे सर्व आंकडे, ते कोठें आहेत ह्यासह, उतरून घेतले आहेत. मुंडक्यांवर आंकडा नसल्यामुळें प्रत्येकीस सुतानें एक पुठ्ठ्याची चिठी बांधली आहे, व दुसऱ्या बोल्टाच्या नोंदीपुढें लिहिलें आहे : जुना आंकडा रेघेनें खोडलेला, शेवटचीं दोन अक्षरें शिल्लक, बाकीचीं काचकागदानें गेलीं.